एका स्विचमधले दोन राउटर: व्हीआरएफमध्ये स्टॅटिक राउट कसा टाकायचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरीचा एखादा कारखाना डोळ्यांपुढे आणा. शेडमध्ये नवे माग आहेत, प्रत्येक मागाला कंट्रोलर आहे. कोणता माग किती वेळ बंद होता, किती मीटर कापड निघालं, याची नोंद एक सर्व्हर ठेवतो. हिशेब, बिलं आणि ऑर्डरी नवी पेठेतल्या ऑफिसात. ही दोन नेटवर्क वेगळी ठेवलेली असतात आणि ती वेगळीच असावीत, कारण ऑफिसातल्या पीसीत मेलमधून व्हायरस शिरला तर तो मागांच्या कंट्रोलरपर्यंत पोचता कामा नये. पण मालकांना संध्याकाळी उत्पादनाचा आकडा ऑफिसात बसून हवा असतो. म्हणजे भिंत ठेवायची आणि तिला एक खिडकीही पाडायची. स्विचवर हे काम व्हीआरएफ (व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग, एकाच स्विचमधली वेगवेगळी राउटिंग टेबलं) आणि दोन व्हीआरएफमधल्या स्टॅटिक राउटने, म्हणजे हाताने लिहून दिलेल्या वाटेने, होतं.

हे मार्गदर्शन ज्यांना व्हीलॅन, सबनेट आणि गेटवे कळतात, पण व्हीआरएफला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. स्विचवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

व्हीआरएफ म्हणजे काय

साध्या लेयर ३ स्विचमध्ये राउटिंग टेबल एकच असतं. राउटिंग चालू असताना दोन व्हीलॅनना आयपी दिला की त्यांची आपसात वाट आपोआप उघडते. व्हीआरएफ केला की त्याच स्विचच्या पोटात दुसरं, पूर्ण वेगळं राउटिंग टेबल तयार होतं. प्रत्येक इंटरफेस एकाच व्हीआरएफचा असतो. त्यातून आलेलं पॅकेट फक्त त्याच टेबलात पत्ता शोधतं. तिथे पत्ता नसेल तर पॅकेट टाकून दिलं जातं, शेजारच्या टेबलात कोणी डोकावत नाही. ही कल्पना टेलिकॉम कंपन्यांच्या एमपीएलएस (पॅकेटवर लेबल लावून ते पुढे नेण्याची पद्धत) नेटवर्कमधून आली (आरएफसी नावाचे तांत्रिक दस्तऐवज: आरएफसी २५४७, १९९९, पुढे आरएफसी ४३६४, २००६). एमपीएलएस नसलेल्या साध्या स्विचवर ती वापरली की तिला व्हीआरएफ-लाइट म्हणतात. आपल्याला लागते ती एवढीच.

आधी कागद

स्विचला हात लावण्याआधी पत्ते कागदावर मांडा. या लेखातलं उदाहरण असं आहे:

व्हीआरएफ माग: व्हीलॅन २०, सबनेट १०.१०.२०.०/२४, स्विचचा पत्ता १०.१०.२०.१, नोंदींचा सर्व्हर १०.१०.२०.५०, कंट्रोलर १०.१०.२०.१०१ पासून पुढे.

व्हीआरएफ ऑफिस: व्हीलॅन १००, ऑफिसच्या राउटरकडे जाणारी लाइन, सबनेट १०.१०.१.०/३०. स्विच १०.१०.१.१, राउटर १०.१०.१.२. राउटरच्या पलीकडे ऑफिसचं नेटवर्क १०.१०.१०.०/२४. शिवाय शेडमधली सुपरवायझरची केबिन, व्हीलॅन ३०, १०.१०.३०.०/२४, हीसुद्धा ऑफिस व्हीआरएफमध्येच.

पत्ते लिहिताना एक गोष्ट आताच तपासा. माग बसवणाऱ्यांनी कंट्रोलरना १९२.१६८.१.० दिलेलं असतं आणि ऑफिसच्या इंटरनेट राउटरवरही १९२.१६८.१.० च असतं, असं बरेचदा निघतं. दोन्ही वेगळ्या व्हीआरएफमध्ये असेपर्यंत हे बिनबोभाट चालतं, कारण टेबलं वेगळी आहेत. खिडकी पाडायला गेलात की अडतं. ऑफिसच्या टेबलात १९२.१६८.१.० हे आधीच आपलं म्हणून बसलेलं असतं, त्यामुळे तोच पत्ता पलीकडचाही आहे हे टेबलाला सांगता येत नाही. अशा वेळी एका बाजूचे पत्ते बदला. नॅट करून (पॅकेटमधला पत्ता मधेच बदलून) निभावता येतं, पण कंट्रोलर वीस-पंचवीसच असतील तर पत्ते बदलणंच स्वस्त पडतं.

स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नका

इंटरफेस एका व्हीआरएफमधून दुसऱ्यात टाकला की बहुतेक स्विच त्या इंटरफेसवरचा आयपी पत्ता पुसून टाकतात. तुम्ही त्याच पत्त्यावर एसएसएचने लॉगिन केलं असेल तर त्याच क्षणी बाहेर फेकले जाता. म्हणून कन्सोल केबल लावूनच काम करा. लांबून करायचंच असेल तर आपोआप मागे फिरणारी सोय वापरा. अरिस्ता कंपनीच्या स्विचमधल्या ईओएस या प्रणालीवर कॉन्फिगर सेशन उघडून शेवटी 'कमिट टायमर ००:०५:००' देता येतं, पाच मिनिटांत तुम्ही पक्कं केलं नाही तर जुनी मांडणी परत येते. ज्युनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड ५' हेच काम करतं. सिस्कोच्या आयओएसवर 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात, सगळं नीट झालं की 'रीलोड कॅन्सल'. चालू कॉन्फिगरेशनची प्रत लॅपटॉपवर उतरवून घ्या. आणि मागांची पाळी चालू असताना हे काम काढू नका.

व्हीआरएफ आणि इंटरफेस

पुढच्या कमांड ईओएसच्या पद्धतीच्या आहेत, कारण त्या वाचायला सोप्या आहेत. दुसऱ्या स्विचवरचे फरक पुढे येतील.

व्हीआरएफ इन्स्टन्स ऑफिस
व्हीआरएफ इन्स्टन्स माग
आयपी राउटिंग व्हीआरएफ ऑफिस
आयपी राउटिंग व्हीआरएफ माग

तिसरी आणि चौथी ओळ नवखे हमखास विसरतात. ईओएसवर प्रत्येक व्हीआरएफसाठी राउटिंग वेगळं चालू करावं लागतं. केलं नाही तर इंटरफेस चालू दिसतो, स्विचवरून पिंग जातो, पण एकाचं पॅकेट दुसऱ्याकडे पोचत नाही. त्यापायी अर्धा दिवस केबल तपासण्यात जातो.

मग इंटरफेस:

इंटरफेस व्हीलॅन २०
व्हीआरएफ माग
आयपी ॲड्रेस १०.१०.२०.१/२४

इंटरफेस व्हीलॅन १००
व्हीआरएफ ऑफिस
आयपी ॲड्रेस १०.१०.१.१/३०

व्हीलॅन ३० सुद्धा याच पद्धतीने ऑफिसमध्ये टाका. क्रम महत्त्वाचा आहे: आधी व्हीआरएफ, मग पत्ता. उलटं केलंत तर पत्ता पुसला जाईल. व्हीआरएफचं नाव लिहिताना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो, म्हणून सगळी नावं मोठ्या अक्षरांत लिहायची सवय लावा.

इथे थांबून तपासा की ऑफिसातून १०.१०.२०.५० लागत नाही. लागू नयेच. भिंत उभी आहे याची खात्री झाल्याशिवाय खिडकीला हात घालू नका.

राउट दोन लागतात

ऑफिसच्या टेबलाला सर्व्हरची वाट सांगायची:

आयपी राउट व्हीआरएफ ऑफिस १०.१०.२०.५०/३२ इग्रेस-व्हीआरएफ माग १०.१०.२०.५०

ही ओळ नीट वाचा. पहिलं नाव आहे राउट कुणाच्या टेबलात टाकायचा त्याचं. मग जायचं ठिकाण. मग पॅकेट कोणत्या व्हीआरएफमधून बाहेर पडेल, आणि शेवटी नेक्स्ट हॉप, म्हणजे पॅकेट ज्याच्या हाती द्यायचं तो पुढचा पत्ता. ठिकाण आणि नेक्स्ट हॉप दोन्ही एकच, सर्व्हर स्वतः. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खटकतं, पण ते बरोबर आहे. नेक्स्ट हॉप माग व्हीआरएफमध्ये शोधला जातो, तिथे १०.१०.२०.० हे सबनेट थेट जोडलेलं आहे. स्विच तिथे एआरपी करून, म्हणजे 'हा आयपी कोणाचा' असं विचारून, सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) मिळवतो आणि पॅकेट थेट त्याच्या हातात देतो.

आणि /३२ मुद्दाम आहे. पूर्ण /२४ ची वाट दिली असती तर सर्व्हरसोबत सगळे कंट्रोलरही ऑफिसला दिसू लागले असते. हवा आहे तो एकच सर्व्हर, मग वाटही त्याचीच द्या. ०.०.०.०/० हा डिफॉल्ट राउट तर दोन व्हीआरएफमध्ये कधीच असा टाकू नका. त्याने व्हीआरएफ करण्याचा हेतूच संपतो.

आता परतीची वाट:

आयपी राउट व्हीआरएफ माग १०.१०.१०.०/२४ इग्रेस-व्हीआरएफ ऑफिस १०.१०.१.२

सर्व्हरचं उत्तर माग व्हीआरएफमध्ये शिरतं. तिथल्या टेबलाला ऑफिसचं नेटवर्क माहीत नसेल तर उत्तर तिथेच मरतं. राउट एका दिशेचा असतो, त्यामुळे पहिला टाकला म्हणून दुसरा आपोआप येत नाही. ऑफिसचं नेटवर्क राउटरच्या पलीकडे आहे, म्हणून नेक्स्ट हॉप १०.१०.१.२.

केबिनमधल्या दोन पीसींना आकडे पाहायचे असतील तर? केबिनचं सबनेट राउटरमागे नाही, स्विचला थेट जोडलेलं आहे, त्यामुळे सगळ्या /२४ साठी एकच नेक्स्ट हॉप देता येत नाही. सर्व्हरची युक्तीच इथे चालते:

आयपी राउट व्हीआरएफ माग १०.१०.३०.११/३२ इग्रेस-व्हीआरएफ ऑफिस १०.१०.३०.११
आयपी राउट व्हीआरएफ माग १०.१०.३०.१२/३२ इग्रेस-व्हीआरएफ ऑफिस १०.१०.३०.१२

त्या पीसींचे पत्ते मात्र पक्के करून टाका, नाहीतर डीएचसीपीने पत्ता बदलला की त्या दिवशी आकडे दिसेनासे होतील. दोन-चार पीसींपर्यंत हे ठीक आहे. तीस-चाळीस पत्ते असे टाकावे लागत असतील तर स्टॅटिक राउट हे हत्यारच चुकीचं आहे. मग बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलने एका व्हीआरएफमधले राउट दुसऱ्यात आयात करण्याची पद्धत शिका.

स्विचच्या बाहेरचं अर्धं काम

इथपर्यंत आल्यावर पुष्कळ जण पिंग करतात, लागत नाही, आणि स्विचवरच्या ओळी पुन्हापुन्हा खोडून लिहीत बसतात. दोष बहुधा दोन टोकांना असतो.

ऑफिसच्या राउटरचा डिफॉल्ट राउट इंटरनेटकडे असतो. त्याला १०.१०.२०.५० विचारलं तर तो पॅकेट इंटरनेट कंपनीकडे ढकलतो, आणि खासगी पत्त्याचं पॅकेट तिथे कुठेच पोचत नाही. म्हणून त्या राउटरवर १०.१०.२०.५०/३२ ची वाट १०.१०.१.१ कडे, अशी एक ओळ लागते.

दुसरं टोक सर्व्हरचं. त्याला आजवर शेडबाहेर जायची गरजच पडलेली नसते, त्यामुळे डिफॉल्ट गेटवेची जागा रिकामी असते किंवा जुन्या राउटरचा पत्ता तिथे पडून असतो. तिथे १०.१०.२०.१ भरा. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील तर जास्त जपा: पॅकेट एका कार्डाने येतं, गेटवे दुसऱ्या कार्डावर असतो, आणि उत्तर भलत्याच वाटेने निघून जातं. विंडोज असेल तर त्याची फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून आलेला पिंग बहुधा अडवते. म्हणून पिंग नाही लागला तरी ब्राउझरमध्ये सर्व्हरचं पान उघडून पाहा.

तपासणी, आणि खोटा पिंग

स्विचवर पाहायच्या गोष्टी या क्रमाने पाहा.

'शो आयपी राउट व्हीआरएफ ऑफिस १०.१०.२०.५०' दिल्यावर ओळीच्या सुरुवातीला स्टॅटिकचं एस अक्षर, [१/०] आणि बाहेर पडण्याचा व्हीआरएफ माग दिसायला हवा. [१/०] मधला १ म्हणजे स्टॅटिक राउटचं अंतर. थेट जोडलेल्या सबनेटचं अंतर ० असतं, म्हणून /२४ चा राउट टाकला आणि तेच /२४ ऑफिसला थेट जोडलेलं असेल तर तुमचा राउट हरतो. 'शो आयपी राउट व्हीआरएफ माग १०.१०.१०.०' ने परतीची वाट पाहा.

'शो आयपी एआरपी व्हीआरएफ माग' मध्ये १०.१०.२०.५० समोर मॅक पत्ता हवा. नसेल तर राउटचं नाव घेऊ नका. सर्व्हर बंद आहे, केबल सुटली आहे, किंवा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे.

राउट कॉन्फिगरेशनमध्ये आहे पण टेबलात नाही, असं झालं तर नेक्स्ट हॉपचा इंटरफेस झोपलेला आहे. व्हीलॅन इंटरफेस वर यायला त्या व्हीलॅनमधलं किमान एक पोर्ट चालू लागतं. ते बंद पडलं की इंटरफेस खाली जातो आणि त्याच्या जिवावर उभे असलेले राउट टेबलातून निघून जातात. पोर्ट चालू झालं की ते परत येतात, काही टाइप करावं लागत नाही. याउलट मीडिया कन्व्हर्टर (साधी केबल आणि फायबर जोडणारी डबी) लावलेल्या लाइनवर पलीकडचं फायबर तुटलं तरी स्विचकडचा दिवा जळतच राहतो. मग राउट टेबलात ठाम बसलेला असतो आणि पॅकेटं अंधारात जात असतात. एकच लाइन असेल तर याने वेगळं नुकसान नाही. पण पर्यायी लाइन ठेवली असेल तर तिच्याकडे वाहतूक वळणारच नाही. अशा ठिकाणी बीएफडी किंवा ट्रॅकिंगने (पलीकडचं टोक जिवंत आहे का हे सतत तपासणाऱ्या सोयींनी) राउटला पलीकडच्या टोकाशी बांधावं लागतं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. स्विचवर बसून 'पिंग व्हीआरएफ ऑफिस १०.१०.२०.५०' दिलंत आणि तो लागला नाही. म्हणजे राउट चुकला का? नाही. या पिंगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता स्विचचा स्वतःचा, १०.१०.१.१ असतो. सर्व्हर त्याला उत्तर देतो, ते माग व्हीआरएफमध्ये शिरतं, आणि तिथल्या टेबलात १०.१०.१.० हे सबनेट नाहीच, आपण फक्त १०.१०.१०.० टाकलं आहे. ते टाकायच्या फंदातही पडू नका. १०.१०.१.१ हा पत्ता स्विचचाच आहे पण ऑफिस व्हीआरएफच्या मालकीचा, आणि असं उत्तर एका व्हीआरएफमधून दुसऱ्याच्या स्वतःच्या पत्त्यावर पोचवणं अनेक स्विचना जमत नाही. त्याचप्रमाणे ऑफिसच्या पीसीवरून १०.१०.२०.१ हा मागांकडचा गेटवेही लागणार नाही, त्याची वाट आपण दिलेलीच नाही. खरी परीक्षा एकच: ऑफिसातल्या पीसीवरून सर्व्हर. तिथे कोणाला तरी फोनवर बसवा. दोन टोकांमधला पिंग लागला की काम झालं, स्विच स्वतः काय म्हणतो याला महत्त्व नाही.

ऑफिसचा पीसी सर्व्हरला पोचतोय का, हे सर्व्हरवर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहता येतं. विनंती येताना दिसते आणि उत्तर निघताना दिसतं, पण ऑफिसला काही मिळत नाही: परतीचा राउट तपासा. विनंतीच येत नाही: जाण्याचा राउट किंवा ऑफिसचा राउटर. विनंती येते आणि सर्व्हर उत्तरच देत नाही: गेटवे किंवा फायरवॉल. या तीन निष्कर्षांत बहुतेक भानगडी मिटतात.

खिडकीला गज

राउट टाकला की वाट पूर्ण उघडते. कोणता पोर्ट, कोणी सुरुवात केली, हे स्विच पाहत नाही. परतीच्या राउटमुळे सर्व्हरच काय, माग व्हीआरएफमधलं कोणतंही यंत्र ऑफिसच्या सगळ्या नेटवर्कला पॅकेट पाठवू शकतं. उत्तर त्याला मिळणार नाही, पण पॅकेट पोचेल. म्हणून ॲक्सेस लिस्ट, म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं याची यादी, लावा.

आयपी ॲक्सेस-लिस्ट ऑफिस-आत
१० परमिट टीसीपी १०.१०.१०.०/२४ होस्ट १०.१०.२०.५० ईक्यू ४४३
२० परमिट आयसीएमपी १०.१०.१०.०/२४ होस्ट १०.१०.२०.५०
३० डिनाय आयपी एनी १०.१०.२०.०/२४
४० परमिट आयपी एनी एनी

ही व्हीलॅन १०० वर आत येणाऱ्या दिशेने बांधा: 'आयपी ॲक्सेस-ग्रुप ऑफिस-आत इन'. ४४३ च्या जागी तुमच्या सॉफ्टवेअरचा पोर्ट. आयसीएमपीची ओळ पिंगसाठी. चाळीसची ओळ विसरलात तर यादीच्या शेवटी न दिसणारा नकार असतोच, आणि ऑफिस व्हीआरएफची बाकीची सगळी कामं थांबतात. केबिनच्या व्हीलॅन ३० लाही अशीच यादी लावा, फक्त त्यात पत्ते केबिनचे.

व्हीलॅन २० वरही आत येणाऱ्या दिशेनेच, पण पत्ते उलटवलेली यादी: सर्व्हरच्या ४४३ वरून निघालेली, आधीच जुळलेल्या जोडणीची उत्तरं जाऊ द्या. त्यासाठी टीसीपीच्या ओळीला 'एस्टॅब्लिश्ड' हा शब्द लागतो. आयसीएमपी जाऊ द्या, ऑफिस आणि केबिनकडे जाणारं बाकी सगळं नाकारा, शेवटी उरलेल्याला परवानगी. कंट्रोलर आणि सर्व्हर एकाच व्हीलॅनमध्ये असल्याने त्यांची आपसातली वाहतूक या यादीच्या वाट्यालाच येत नाही, म्हणून माग बंद पडतील ही भीती नको. ही यादी फायरवॉल नव्हे, ती जोडणी लक्षात ठेवत नाही. मधे खरी फायरवॉल ठेवण्याइतका पैसा असेल तर दोन्ही व्हीआरएफ तिच्यातूनच जोडा, आणि मग हे राउट स्विचवर लागतच नाहीत.

दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर

सिस्कोच्या नेक्ससवर आधी 'व्हीआरएफ कॉन्टेक्स्ट ऑफिस' मध्ये शिरायचं आणि आत 'आयपी राउट १०.१०.२०.५०/३२ १०.१०.२०.५० व्हीआरएफ माग' लिहायचं. इथे शेवटचा व्हीआरएफ हा नेक्स्ट हॉपचा असतो. याच जागी लोक उलटसुलट करतात. एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या स्विचवर 'व्हीआरएफ ऑफिस' च्या आत 'आयपी राउट १०.१०.२०.५०/३२ १०.१०.२०.५० नेक्स्टहॉप-व्हीआरएफ माग'.

ज्युनिपरची रीत मुळातच वेगळी आहे. तिथे नेक्स्ट हॉप देत नाहीत, 'नेक्स्ट-टेबल माग.आयनेट.०' असं सांगतात, म्हणजे पुढचा शोध त्या टेबलात घ्या. ईओएस किंवा एफआरआरवर पॅकेट थेट नेक्स्ट हॉपकडे जातं, दुसऱ्या टेबलातले बाकीचे राउट पाहिलेच जात नाहीत. ज्युनिपरवर दुसऱ्यांदा खरा शोध होतो. त्यामुळे थेट जोडलेलं सबनेट सहज देता येतं, पण दोन्ही टेबलांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर पॅकेट गोल फिरण्याचा धोका असतो. जुनॉस (ज्युनिपरची प्रणाली) अशी मांडणी कमिट करतानाच 'नेक्स्ट-टेबल मे लूप' म्हणून नाकारतो. ती तक्रार आली तर एका दिशेला वेगळा उपाय शोधा, रिब-ग्रुप (एका टेबलातले राउट दुसऱ्यातही टाकण्याची सोय) हा तिथला नेहमीचा मार्ग आहे.

हात बसवण्यासाठी स्विच विकत घ्यायला नको. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीआरएफ ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. 'आयपी लिंक ॲड ऑफिस टाइप व्हीआरएफ टेबल १००' ने व्हीआरएफ तयार होतो, 'आयपी लिंक सेट ऑफिस अप' ने चालू होतो, 'आयपी लिंक सेट ईटीएच१ मास्टर ऑफिस' ने इंटरफेस त्यात जातो. दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच संगणकातली वेगवेगळी नेटवर्कं) करून त्यांना पीसी आणि सर्व्हर समजा. 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड' ची किंमत १ करा. लिनक्सवर एक खाच आहे: व्हीआरएफच्या टेबलात पत्ता सापडला नाही तर शोध मुख्य टेबलापर्यंत घरंगळतो. म्हणून प्रत्येक टेबलात 'आयपी राउट ॲड टेबल १०० अनरीचेबल डिफॉल्ट मेट्रिक ४२७८१९८२७२' ही ओळ टाका, नाहीतर भिंत आहे असं वाटत राहील आणि ती नसेल.

शेवटची कामं

सगळं चाललं की 'राइट मेमरी'. एमआयडीसीत वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि स्विच बंद होऊन परत उठला, की न साठवलेलं सगळं गेलेलं असतं. साठवल्यावर पाळी संपताना स्विच एकदा मुद्दाम बंद करून चालू करा आणि ऑफिसातून सर्व्हर पुन्हा उघडून पाहा.

शेडमधल्या स्विचच्या पंख्यावर कापसाचे तंतू बसतात आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. गरम होऊन स्विच मधेच बंद पडू लागला तर लोक राउटला दोष देतात. म्हणून जाळी साफ करण्याचा वार ठरवा. रॅकच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा: कोणता व्हीआरएफ, कोणतं व्हीलॅन, कोणते राउट, प्रत्येक राउट कोणी मागितला आणि कशासाठी. सर्व्हर बदलला की त्या कागदावरची ओळ आणि स्विचवरची /३२ ची ओळ एकाच दिवशी बदला.